बोलँजे घराण्याकडून दिंडोरीच्या वाइनवाल्याने काय उचलावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिंडोरी तालुक्यात घरची द्राक्षबाग आहे आणि तिथे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली फेसाळ वाइन करायची आहे. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातली जुनी घराणी ‘वारसा, वारसा’ म्हणून जे सांगतात त्यात जाहिरात किती आणि प्रत्यक्ष काम किती? उदाहरण म्हणून बोलँजेबद्दल विचारलं आहे, ज्याला आपल्याकडे इंग्रजी वळणाने बॉलिंजर म्हणतात.

उदाहरण चांगलं आहे. या घराण्याने काही जुन्या पद्धती हट्टाने ठेवल्या आहेत आणि काही निवांतपणे सोडून दिल्या आहेत. कोणती का ठेवली याचं कारण बहुतेक वेळा रसायनात नाही तर हिशेबात सापडतं. दर्शनी वाडा, जेम्स बाँडच्या सिनेमांतल्या बाटल्या, १८८४ साली राणी व्हिक्टोरियाकडून मिळालेली शाही पुरवठादाराची सनद हे सगळं बाजूला ठेवा. अशा घराण्याला एकच विचारायचं: न विकलेला माल किती पडून आहे, आणि कशासाठी?

आधी घराण्याविषयी, कामापुरतं. गावाचं नाव आय, उच्चार आपल्या ‘आई’च्या अगदी जवळचा. एपर्नेच्या शेजारी, मार्न नदीच्या काठी, दक्षिणेकडे उतरणाऱ्या खडूच्या टेकड्यांखाली ते वसलं आहे. १८२९ साली तिघांनी पेढी काढली. त्यातले विलेरमाँ सरदार घराण्यातले नौदल अधिकारी होते. जमीन त्यांची, पण व्यापाराच्या पाटीवर नाव लावणं सरदाराला शोभत नसे. म्हणून पाटीवर रनोदँ आणि बोलँजे ही दोन नावं आली. बोलँजे हा व्युर्टेमबर्गहून आलेला जर्मन तरुण. १८३७ मध्ये त्याने विलेरमाँच्या मुलीशी लग्न केलं आणि जमीन व धंदा एका घरात आले. रनोदँचं नाव मात्र लेबलावर १९८४ पर्यंत राहिलं. पुढच्या काळात सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती म्हणजे लिली बोलँजे. १९४१ मध्ये, जर्मन ताब्याच्या काळात, नवरा वारला. मूलबाळ नव्हतं. तरीही १९७१ पर्यंत त्यांनीच कारभार पाहिला. पेट्रोल मिळेना तेव्हा सायकलवरून बागा पाहत, आणि पुढे तीच सवय राहिली. त्यांच्यानंतर नातेवाईकांकडे सूत्रं गेली. २००८ मध्ये पहिल्यांदा घराबाहेरचा माणूस व्यवस्थापनाच्या खुर्चीत बसला, पण मालकी घरातच राहिली.

मालकी घरात राहणं ही आपोआप होणारी गोष्ट नव्हे. फ्रेंच वारसा कायद्यात मुलांना डावलता येत नाही, त्यामुळे तिथेही पिढीगणिक बागेचे तुकडे पडतात. सातबाऱ्यावर नावं वाढत जाण्याचा प्रकार आपल्याला नवा नाही. यावरची त्यांची तोड साधी आहे. जमीन, तळघर आणि माल एका कंपनीच्या नावावर, कंपनी घराण्याच्या मालकीची, आणि वाटणी झाली तर भागांची, बांधांची नाही. तुमच्याकडे दोन-तीन भाऊ असतील तर पिंपं विकत घेण्याआधी हे काम वकिलाकडे बसून उरका. दहा वर्षं पडून राहणारा माल आणि कधीही मागता येणारा वाटा या दोन गोष्टी एका घरात नांदत नाहीत.

आता बाग. बोलँजेकडे सुमारे १८० हेक्टर, म्हणजे साडेचारशे एकरांच्या आसपास स्वतःची बाग आहे, आणि लागणाऱ्या द्राक्षांपैकी निम्म्याहून बरीच जास्त तिथूनच येतात. शॅम्पेनमधल्या मोठ्या पेढ्यांमध्ये हे प्रमाण सर्रास दिसत नाही. बऱ्याच पेढ्या मुख्यतः विकतच्या द्राक्षांवर चालतात. बोलँजेचा भर पिनो न्वार या काळ्या द्राक्षावर आहे. ‘स्पेशल क्युव्हे’ या त्यांच्या नेहमीच्या वाइनमध्ये साधारण ६० टक्के पिनो न्वार, २५ टक्के शार्दोने आणि १५ टक्के मनिए असते.

याच बागेत दोन छोटे तुकडे असे आहेत की तिथल्या वेलींना खुंट नाही, म्हणजे त्या दुसऱ्या जातीच्या मुळांवर कलम केलेल्या नाहीत. फिलॉक्सेरा ही मुळांवर जगणारी सूक्ष्म मावा-वर्गातली कीड. १८९० च्या सुमारास ती शॅम्पेनमध्ये पोचली आणि पुढच्या काही दशकांत जवळजवळ सगळी बाग अमेरिकन खुंटावर कलम करून पुन्हा लावावी लागली. आपल्याकडे डॉगरिज खुंट आला तो क्षार आणि पाण्याच्या ताणामुळे, तिथे खुंट आला तो किडीमुळे. त्यातून वाचलेल्या या तुकड्यांत आजही जुन्या पद्धतीने दाबकलम होतं. वेल खड्ड्यात आडवी निजवायची, काडीचं टोक वर ठेवायचं, मुळं फुटली की तीच नवी वेल. त्यामुळे ओळी राहत नाहीत, ट्रॅक्टर शिरत नाही, सगळं हाताने आणि घोड्याने करावं लागतं. १९६९ च्या हंगामापासून या द्राक्षांची वेगळी वाइन निघते. मूळ तुकडे तीन होते. बूझी गावातला तिसरा २००० नंतरच्या दशकात फिलॉक्सेराने गेला. उरलेल्या दोघांना कीड का लागली नाही याची खात्री देता येत नाही, म्हणून यातून लागवडीचा कोणताही धडा घेऊ नका. नाशिकच्या जमिनीत बिनखुंटाची लागवड करून ‘वारसा’ निर्माण करायचा विचार असेल तर तो आजच सोडा.

रस काढण्यात जुनं-नवं असा वाद नाही, कारण तिथे नियमच आहे. हाताने तोडणी, अख्खे घड दाबायचे, आणि ४,००० किलो द्राक्षांतून पहिला २,०५० लिटर रस वेगळा, पुढचा ५०० लिटर वेगळा. त्यापुढे जे निघेल ते शॅम्पेनसाठी चालत नाही. बोलँजे स्वतःसाठी पहिलाच रस ठेवतं. कारण सालीजवळचा रस उशिरा येतो आणि त्यात आम्ल कमी, पोटॅश जास्त, सामू (पीएच) चढा आणि तुरटपणा अधिक. तुम्ही हा एक आकडा उचललात तरी पुष्कळ झालं: टनाला साधारण ५०० लिटरवर थांबायचं. टनामागे सातशे लिटर पिळून त्यावर कितीही वर्षं खर्च केलीत तरी तो कडवटपणा जात नाही.

यानंतर पिंप. इथे गैरसमज फार आहेत. बोलँजेकडे काही हजार ओक पिंपं आहेत आणि घरचा पिंपकार आहे, ही शॅम्पेनमध्ये आता जवळजवळ नामशेष झालेली गोष्ट. पण या पिंपांनी लाकडाचा वास यावा अशी कोणाचीच इच्छा नाही. पिंपं जुनी असतात, बरीचशी बर्गंडीत वापरून झालेली, कित्येक वीस-वीस वर्षांची. त्यांचं काम दोन पदरी आहे. एक, प्रत्येक गावचा, प्रत्येक तुकड्याचा रस दोनशे-सव्वादोनशे लिटरच्या लहान मापात वेगळा राहतो, त्यामुळे मिश्रण करणाऱ्याच्या हातात शेकडो सुटे रंग असतात. दुसरं, फळ्यांतून जाणाऱ्या थोड्याशा हवेमुळे रसातली ऑक्सिजनला लवकर बळी पडणारी द्रव्यं सुरुवातीलाच निपटतात. पुढे बाटलीत दहा-पंधरा वर्षं काढायची असतात, तेव्हा बालपणी टोचलेली ही लस उपयोगी पडते. सगळं पिंपात मात्र नाही. नेहमीच्या वाइनचा बराच भाग स्टीलच्या टाक्यांत आंबतो. सालाचं नाव लावून निघणारी ‘ग्राँद आने’ पूर्णपणे पिंपातली.

जुनं पिंप बिघडतं ते रिकामं असताना. भरलेल्या पिंपाला काही होत नाही, रिकाम्याला आठवड्याभरात होतं. रिकामं झालं की गरम पाण्याने धुवायचं, पालथं घालून निथळवायचं, मग सव्वादोनशे लिटरच्या पिंपात ५ ते १० ग्रॅम गंधक जाळून लगेच बूच मारायचं, आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा तेच. गंधकाचा थेंब तळाशी पडला तर पुढच्या हंगामात आंबताना कुजक्या अंड्याचा वास येतो, म्हणून न ठिबकणारी चकती वापरा. भरण्याआधी पाणी घालून एक-दोन दिवस फुगू द्या आणि ते पाणी फेकून द्या. नखाला लावायच्या रंगासारखा किंवा व्हिनेगरचा वास आला तर ते पिंप बागेतल्या कुंडीसाठी, वाइनसाठी नाही. तबेल्याचा वास आला तर तो ब्रेटानोमायसिस, आणि लाकडात खोल शिरलेलं ते यीस्ट धुण्याने जात नाही. आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फळ्या आकसून कड्या सैल पडतात. घरचा पिंपकार आपल्याकडे मिळणार नाही. तेव्हा पन्नास पिंपांची हौस करण्यापेक्षा सहा पिंपं बारा महिने भरलेली ठेवा.

या घराण्याची खरी तिजोरी म्हणजे राखीव मॅग्नम. शॅम्पेनची हवा बेभरवशाची, एक साल फुलतं तर दुसरं गारठतं. म्हणून जवळजवळ सगळीच घराणी मागच्या वर्षांची वाइन राखून ठेवतात आणि नव्या मिश्रणात घालतात. बहुतेकजण ती टाक्यांत ठेवतात. बोलँजे त्यातला निवडक भाग दीड लिटरच्या मॅग्नम बाटल्यांत भरतं, गाव वेगळं, साल वेगळं, वर खरं बूच. भरताना अगदी थोडी साखर आणि यीस्ट घालतात, पूर्ण फेस यावा इतकी नाही, जेमतेम चुरचुर यावी इतकी. ती चुरचुर पिण्यासाठी नाहीच. जिवंत यीस्ट बाटलीत शिरलेला ऑक्सिजन खाऊन टाकतं आणि तयार झालेला वायू वाइनला पांघरूण घालतो. मॅग्नम का, तर मान साध्या बाटलीएवढीच पण आत वाइन दुप्पट, म्हणजे बुचातून येणारी हवा दुप्पट वाइनवर विभागली जाते. अशा लाखो मॅग्नम पाच ते पंधरा वर्षं पडून असतात.

वापरायची वेळ आली की त्या एकेक करून उघडतात आणि प्रत्येक हुंगतात. बुचाची कुबट घाण लागलेली मॅग्नम मिश्रणात जाऊ द्यायची नाही, म्हणून इथे यंत्र चालत नाही, नाकच लागतं. मिश्रणात या मॅग्नमचा वाटा थोडाच असतो, फोडणीएवढा. पण आमटी कोणाच्या घरची हे जसं फोडणीवरून कळतं तसंच हे. कुठलाही हिशेबनीस पहिल्यांदा हाच खर्च कापायला सांगेल, आणि कागदावर त्याचं बरोबरही असेल.

बाटलीतला दुसरा आंबवणीचा टप्पा सगळीकडे सारखाच आहे, पण बिघाड इथेच जास्त होतात म्हणून सविस्तर लिहितो. ११ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेल्या वाइनमध्ये लिटरला २४ ग्रॅम साखर, म्हणजे पाऊण लिटरच्या बाटलीत १८ ग्रॅम. सुमारे ४ ग्रॅमला एक वातावरण दाब, म्हणून शेवटी ६ वातावरण. अल्कोहोल साधारण १.३ टक्क्यांनी वाढतं. आधीची शिल्लक साखर मोजून वजा न केल्याने एके काळी शॅम्पेनच्या तळघरांत बाटल्या फटाक्यांसारख्या फुटत. १८३६ मध्ये शालाँच्या झाँ-बाप्तिस्त फ्रान्स्वा या औषधविक्रेत्याने ती मोजणी बसवून दिली तेव्हा कुठे हा प्रकार आटोक्यात यायला लागला. उलट बाजूने, फेस धरलाच नाही तर आधी मोकळा सल्फर डायऑक्साइड पाहा. तो लिटरला १५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर यीस्ट दबतं. मग अल्कोहोल पाहा. साडेअकरावर गेलं असेल तर काम जड होतं. तिसरं कारण, यीस्ट कोरडं पाकिटातून थेट घातलेलं असतं. त्याला तीन-चार दिवस वाइन, पाणी आणि साखरेत हळूहळू अल्कोहोलची सवय लावावी लागते, आणि भरताना मिलिलिटरला दहा ते पंधरा लाख जिवंत पेशी हव्यात. १२ ते १५ अंशांत सहा-आठ आठवड्यांत काम उरकतं.

मग साक्यावर, म्हणजे बाटलीत खाली बसलेल्या मेलेल्या यीस्टवर, पडून राहणं. शॅम्पेनचा कायदा बिनसालाच्या वाइनला भरल्यापासून १५ महिने सांगतो, त्यातले १२ साक्यावर. सालाच्या वाइनला ३ वर्षं. बोलँजे नेहमीची वाइनसुद्धा तीन वर्षांच्या आसपास ठेवतं, आणि तिच्यावर साधं पत्र्याचं झाकण असतं. सालाच्या वाइनवर मात्र साक्याच्या काळातही खरं बूच आणि वर लोखंडी पकड. यात भावनेचा भाग नाही. तीन-चार वर्षांसाठी झाकण उत्तम, पण लांबच्या मुदतीत बूच हवेला जास्त चांगलं अडवतं. किंमत अशी की बूच हाताने काढावं लागतं आणि प्रत्येक बाटली हुंगावी लागते.

बाटली फिरवणं हे पर्यटकांना दाखवायचं आवडतं काम. पुपित्र म्हणजे तंबूसारख्या टेकवलेल्या दोन फळ्या, प्रत्येकीला ६० भोकं. रोज आठवा किंवा चौथा हिस्सा वळवत, हळूहळू उभी करत, चार ते सहा आठवड्यांत साका मानेत उतरतो. यंत्राच्या पिंजऱ्यात पाचशे बाटल्यांना आठवडा लागतो. चवीत फरक नाही, आणि तुम्ही यंत्रच घ्यावं. हात लागतो तो बुचाच्या जुन्या बाटल्यांना, कारण तिथे साका कसा बसलाय हे प्रत्येक बाटलीगणिक वेगळं असतं. काचेला आतून धुरकट पापुद्रा चिकटला तर तो फिरवण्याने सुटत नाही. भरताना बेंटोनाइट (गाळ खाली बसवणारी माती) घातलं नव्हतं किंवा वाइनमधली प्रथिनं आधी काढली नव्हती, असा त्याचा अर्थ. बाटली थंड करून जोरात हलवून पुन्हा बसू देणं एवढाच उपाय, तोही दर वेळी लागू पडत नाही.

साका काढताना मान उणे २५ ते २७ अंशांच्या द्रावणात बुडवून गोठवतात, झाकण उडवलं की बर्फाचा खडा बाहेर. हाताने करायचं तर बाटली उलटी धरून पकड काढायची आणि आतला बुडबुडा मानेकडे येतो त्या क्षणी ती वर करायची. अर्धा सेकंद उशीर झाला तर साका परत आत.

लिली बोलँजेंची सगळ्यात धारदार कल्पना याच टप्प्यावरची. १९५२ ची वाइन साक्यावरच ठेवून त्यांनी ती १९६७ मध्ये ‘आर. डी.’ नावाने, म्हणजे ‘नुकताच साका काढलेली’ म्हणून बाजारात आणली. साका काढला की वाइन म्हातारी व्हायला लागते, साक्यावर असेपर्यंत ती मुरते पण ताजी राहते. इतक्या वर्षांनी मेलेल्या यीस्टमधून उतरलेल्या द्रव्यांनी अंगभूत गोलाई येते, म्हणून वरून साखर लिटरला ३-४ ग्रॅम पुरते, नेहमीच्या वाइनला लागते त्याच्या निम्मी. आणि मागच्या लेबलावर साका काढल्याची तारीख.

आता दिंडोरीचं गणित. वर्षाला १०,००० बाटल्या विकायच्या आणि ३६ महिने साक्यावर ठेवायच्या, तर कुठल्याही दिवशी ३०,००० बाटल्या पडून असणार, त्यांची काच, द्राक्षं, वीज आणि व्याज धरून. आधी हा आकडा बँकेसमोर मांडा, मग पुपित्राची लाकडं बघा. शॅम्पेनमधलं तळघर फुकटात बारा अंशांच्या आसपास राहतं. तुमचं विजेवर राहणार, म्हणून जाड इन्सुलेशन आणि जनरेटर हा तुमचा ‘वारसा’. पंचवीस अंशांवर गेलेल्या बाटलीत दाब वाढतो आणि साका करपट चव सोडतो.

आणखी एक गोष्ट उलटी करायची आहे. बोलँजेसारखी घराणी मॅलिक आम्लाचं लॅक्टिकमध्ये रूपांतर होऊ देतात, कारण तिथे आम्ल उदंड. नाशिकच्या उन्हात ते आधीच जळालेलं असतं. शेनँ ब्लाँ जातीची द्राक्षं १८-१९ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप), डिसेंबर-जानेवारीत, पहाटे तोडा, आणि ते रूपांतर थांबवा. नुसतं थांबवून सोडू नका. भरण्याआधी जंतुरहित गाळण करा, नाहीतर तेच बाटलीत होतं आणि गढूळपणा कधीच खाली बसत नाही. नारायणगावच्या इंडेज कंपनीने १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्र आणून या पद्धतीची वाइन करून दाखवली आहे, आणि शांदोन या फ्रेंच कंपनीने ती दिंडोरीतच केली आहे. तेव्हा होतं का हा प्रश्न नाही. बाटलीवर ‘शॅम्पेन’ तेवढं लिहू नका, ते नाव भारतातही भौगोलिक संकेत म्हणून नोंदलेलं आहे.

राखीव वाइन पहिल्याच हंगामापासून ठेवा, दोनशे मॅग्नम असल्या तरी चालेल. पण लेबल लावा. २०१० मध्ये आयच्या तळघरात रिकाम्या बाटल्यांच्या राशीमागे कित्येक जुन्या बाटल्या सापडल्या, त्यात १८३० ची वाइनसुद्धा होती. काहींवर नुसती संकेताक्षरं. कोणतं गाव, कोणतं साल, हे शोधून काढण्यात पुढे बराच काळ गेला. प्रत्येक मॅग्नमच्या मानेला तुकड्याचा गट क्रमांक, जात, तोडणीची तारीख, सामू आणि भरल्याची तारीख बांधा. तेच एका वहीत लिहा, आणि संकेतांची किल्ली त्याच वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. संगणकावर ठेवलंत तरी वही असू द्या, आणि ती तळघराच्या ओलीत नको, घरच्या कपाटात ठेवा.